आयरिश बोलती व्हायची तर आधी परीक्षा बदला

प्रश्न असा आहे: "आयर्लंडमध्ये प्रत्येक मूल तेरा-चौदा वर्षं आयरिश शिकतं, तरी शाळा सुटल्यावर बहुतेकांना चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. माध्यमिक शाळेतला अभ्यासक्रम नेमका कुठे चुकतो, आणि बदलायचा तर सुरुवात कुठून करायची?"

सुरुवात शेवटच्या परीक्षेपासून करावी लागेल. पाठ्यपुस्तकं, कविता, शिक्षकांसाठीच्या सूचना हे सगळं त्यानंतर येतं. वर्गात काय शिकवलं जातं ते धोरणाचा कागद ठरवत नाही, कशाला किती गुण आहेत ते ठरवतं. महाराष्ट्रात दहावीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. म्हणून आधी गुणांचा हिशेब मांडतो, मग कुठे काय बदलावं ते सांगतो.

पार्श्वभूमी थोडीशीच हवी. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यापासून आयरिश शाळेत सक्तीची आहे. १९३७ च्या राज्यघटनेनुसार ती देशाची पहिली अधिकृत भाषा आहे. १९७३ पर्यंत लीव्हिंग सर्टमध्ये, म्हणजे शाळेच्या अखेरच्या सरकारी परीक्षेत, आयरिशमध्ये नापास झालेला विद्यार्थी सगळ्या परीक्षेत नापास धरला जाई. ती अट गेली, पण विषय शिकण्याची सक्ती राहिली. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं सांगितलं. त्या वेळी पहिल्यांदाच "कितपत येते?" असंही विचारलं होतं. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ टक्के लोकांनी "फारशी चांगली नाही" हा पर्याय निवडला. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले ७१,९६८. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे शाळेच्या कामाचं मोजमाप आहे.

तास कमी पडतात का?

ही तक्रार नेहमी येते, म्हणून आधी तिचा निकाल लावू. २०१९ च्या प्राथमिक भाषा अभ्यासक्रमानुसार इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला अडीच तास आणि पुढची सहा वर्षं साडेतीन तास आयरिशला मिळतात. वर्षाचे ३६ आठवडे धरले तर प्राथमिक शाळेतच नऊशेहून अधिक तास होतात. ज्युनियर सायकलच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांत किमान २४० तास आहेत. शेवटच्या दोन वर्षांत सुमारे १८०. बेरीज तेराशेच्या वर जाते. युरोपीय भाषा-चौकटीत बी-१ म्हणतात ती पातळी, म्हणजे रोजच्या विषयांवर स्वतःच्या शब्दांत बोलता येणं, गाठायला साधारण साडेतीनशे ते चारशे तास पुरतात असं इतर भाषांच्या शिक्षणात धरलं जातं. आयरिश इंग्रजीपासून दूरची भाषा आहे म्हणून हा आकडा दुप्पट केला, तरी हाताशी वेळ उरतो.

तेव्हा कमी पडतो तो बोलण्याचा वेळ. वर्गात २५ मुलं आहेत असं धरा. २४० तास सगळ्यांत समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन वर्षांत साडेनऊ तास येतात. त्यातला निम्मा वेळ शिक्षक बोलतो असं धरलं तर पावणेपाच. तीन वर्षांत पावणेपाच तास बोलून कुणी कुठलीही भाषा शिकत नाही. मुलं जोडीजोडीनं एकाच वेळी बोलू लागली की हाच वेळ दहा-बारा पट वाढतो. हे प्रत्येक भाषाशिक्षकाला माहीत असतं. तरी तो जोडीकाम टाळतो आणि फळ्यावर नमुना-उत्तर लिहून देतो, कारण परीक्षेत त्याचे गुण पडतात.

लीव्हिंग सर्टचे ६०० गुण

वरच्या स्तराच्या, म्हणजे जास्त अवघड प्रश्नपत्रिकेच्या, आयरिशच्या परीक्षेचे एकूण गुण ६००. त्यातले २४० तोंडी परीक्षेला, म्हणजे ४० टक्के. श्रवणाला ६०, निबंधाला १००, दोन उताऱ्यांच्या आकलनाला १००, आणि नेमलेल्या साहित्यावर १००: गद्य ३०, कविता ३०, जास्तीचं साहित्य ४०. २०१२ पूर्वी तोंडीला २५ टक्केच होते. ते ४० झाल्यावर वरच्या स्तराची परीक्षा देणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं, वर्गात आयरिश जास्त ऐकू येऊ लागली. परीक्षा बदलली की वर्ग बदलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

मग अडचण कुठे आहे? त्या २४० गुणांच्या आत बघा. स्वागत आणि ओळख ५ गुण. कविता मोठ्यानं वाचणं ३५ गुण; पाच नेमलेल्या कवितांपैकी एक, समोर कागद ठेवून. चित्रमालिका ८० गुण. मोकळं संभाषण १२०.

चित्रमालिका म्हणजे सहा चित्रांची एक गोष्ट. मूळ रचनेनुसार अशा वीस मालिका आधीच जाहीर होतात आणि परीक्षेत त्यातली एक उपडी ठेवलेल्या कागदांतून उचलायची असते. कोविडच्या वर्षांत ही संख्या दहावर आणली होती. कल्पना वाईट नव्हती: चित्र बघून गोष्ट सांगणं हे खरं भाषिक काम आहे. पण चित्रं आधी माहीत असली की तेच काम पाठांतराचं होतं. शिक्षक किंवा खासगी शिकवणीचा वर्ग प्रत्येक मालिकेची गोष्ट लिहून देतो, मूल वीस गोष्टी तोंडपाठ करतं. परीक्षकासमोर ती अस्खलित येते. मध्येच "या मुलीच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" असं विचारलं की सगळं थांबतं, कारण त्या वाक्याला सशर्त क्रियारूप लागतं आणि तयार गोष्टीत ते नव्हतं. म्हणजे २४० पैकी ११५ गुण, चित्रांचे ८० आणि कवितेचे ३५, अशा कामांना आहेत जी भाषा न येताही करता येतात. उरलेल्या १२० गुणांच्या संभाषणातही "माझं कुटुंब", "माझी शाळा", "माझे छंद" हे परिच्छेद घोकून येतात, आणि चांगला परीक्षक ते ओळखून दुसरीकडे वळवतो तेव्हा मुलाला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

यात मुलांचा किंवा शिक्षकांचा दोष काढू नये. ज्या गोष्टीचे गुण आहेत ती गोष्ट ते प्रामाणिकपणे करतात.

तोंडी परीक्षा कशी असावी

माझं मत असं: ४० टक्क्यांना हात लावू नये, जमलं तर ५० करावे, पण आतली कामं पूर्ण बदलावीत. पंधरा मिनिटांची परीक्षा तीन भागांत बसते.

पहिला भाग चार मिनिटांचा. एक न पाहिलेलं चित्र किंवा तीस-चाळीस सेकंदांची ध्वनिफीत द्यायची, तयारीला एक मिनिट, मग विद्यार्थ्यानं काय दिसलं, आधी काय झालं असेल, पुढे काय होईल ते सांगायचं. "आधी" आणि "पुढे" हे दोन प्रश्न मुद्दाम ठेवायचे, म्हणजे भूतकाळ, भविष्यकाळ आणि सशर्त रूप हे तिन्ही आपोआप तपासले जातात. विषयांची क्षेत्रं आधी जाहीर करावीत: घर, आरोग्य, प्रवास, काम, हवामान, समाजमाध्यमं, आणखी काही. चित्रं मात्र नाहीत. दोनशे चित्रांचा साठा असला आणि दरवर्षी त्यातला तिसरा हिस्सा बदलला तर पाठांतर परवडत नाही.

दुसरा भाग पाच मिनिटांचा, देवाणघेवाणीचा. परीक्षकाकडे एक माहिती, विद्यार्थ्याकडे दुसरी. दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. सहलीला कुठे जायचं, मोडलेली वस्तू दुकानात परत कशी द्यायची, असं. इथे प्रश्न विचारता येणं, न समजल्यास पुन्हा विचारणं, नम्रपणे नकार देणं हे सगळं मोजलं जातं. आजच्या परीक्षेत मूल बहुतेक वेळ फक्त उत्तरं देतं, आणि प्रश्न विचारायला न शिकलेला माणूस भाषेत पाहुणाच राहतो.

तिसरा भाग सहा मिनिटांचा, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संग्रहाविषयी. वर्षभरात त्यानं ऐकलेल्या, वाचलेल्या, लिहिलेल्या पाच-सहा गोष्टींपैकी एक परीक्षक निवडतो आणि त्यावर बोलतो. संग्रहाला वेगळे लेखी गुण देऊ नयेत. घरी केलेल्या लेखी कामाला गुण ठेवले की ते दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतलं जातं. नव्या सीनियर सायकल, म्हणजे लीव्हिंग सर्टपर्यंतच्या शेवटच्या वर्षांच्या, रचनेत प्रत्येक विषयाला किमान ४० टक्के गुण लेखी परीक्षेबाहेरच्या घटकांना द्यायचे आहेत आणि पहिल्या काही विषयांत ते सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालं. विज्ञानाच्या शिक्षकांना या प्रकल्पांत कृत्रिम बुद्धिमत्तेची जी चिंता वाटते, ती भाषेत दहा पटीनं खरी आहे. समोरासमोर बोलणं हा तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय आहे.

गुण पाच पट्ट्यांत द्यावेत: शब्दसंपदा, अचूकपणा, ओघ, संवाद, उच्चार. अचूकपणाला एक पंचमांशाहून जास्त वजन देऊ नये. चुकण्याच्या भीतीनं मुलं लहान, सुरक्षित वाक्यांत अडकून पडतात आणि तिथंच राहतात.

"हे परवडणार नाही" असं प्रशासन म्हणेल. समजा ५०,००० विद्यार्थी, प्रत्येकी १५ मिनिटं. एक परीक्षक दिवसाला २५ मुलं बघतो, म्हणजे सव्वासहा तास. एकूण दोन हजार परीक्षक-दिवस. दहा दिवसांत करायचं तर २०० परीक्षक, पाच दिवसांत तर ४००. आत्ताची तोंडी परीक्षाही साधारण एवढाच वेळ घेते, म्हणजे वाढीव खर्च मुख्यतः परीक्षकांच्या प्रशिक्षणाचा आहे. प्रत्येकाला दोन दिवस, वीस-पंचवीस ध्वनिमुद्रित नमुन्यांवर एकत्र गुण देऊन बघणं, आणि ज्याचे गुण सातत्यानं इतरांपासून दूर पडतात त्याला पुन्हा बसवणं. हे न केल्यास गॉलवेचा परीक्षक आणि डब्लिनचा परीक्षक दोन वेगळ्या परीक्षा घेतील.

ज्युनियर सायकलमध्ये गेलेली गोष्ट

२०१७ मध्ये ज्युनियर सायकलसाठी आयरिशचा नवा अभ्यासक्रम आला. त्याआधी शाळांना हवं तर ४० टक्के गुणांची तोंडी परीक्षा घेता येत असे, आणि पुष्कळ शाळा ती घेऊ लागल्या होत्या. नव्या रचनेत शाळेतच एक संवादाचं काम ठेवलं आहे, पण त्याचं वर्णन वेगळ्या शब्दांत प्रमाणपत्रावर येतं. सरकारी परीक्षेच्या श्रेणीत ते धरलं जात नाही. श्रेणी ठरते ती मुख्यतः दोन तासांच्या लेखी-श्रवण परीक्षेवर. बारा ते पंधरा हे भाषा तोंडात बसण्याचं वय. त्याच वयात मुलांना आपण सांगितलं की बोलणं चांगलं, पण मोजत नाही. या सुधारणेतली ही सर्वात महागडी चूक आहे असं मी मानतो.

ही चूक का झाली, तेही समजून घेतलं पाहिजे. आपल्याच विद्यार्थ्यांना सरकारी प्रमाणपत्रासाठी गुण देण्याला शिक्षक संघटनांचा जुना विरोध आहे, आणि त्यात तथ्य आहे: लहान गावात शिक्षकाला पालक रोज भेटतात. म्हणून तोंडी काम "वर्गातलं मूल्यमापन" या खात्यात ढकललं गेलं. उपाय सोपा आहे. शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं येऊन परीक्षा घ्यावी, सगळ्या परीक्षा ध्वनिमुद्रित व्हाव्यात, राज्य परीक्षा आयोगानं त्यातल्या दहा टक्के पुन्हा तपासाव्यात. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस दहा मिनिटांची परीक्षा पुरे. वजन ४० टक्के.

त्याच अभ्यासक्रमाबद्दल दुसरी तक्रार होती ती मोघमपणाची. "विद्यार्थ्याला विविध प्रकारच्या मजकुरांचा आस्वाद घेता यावा" अशा वाक्यांतून शिक्षकाला सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. अध्ययन-निष्पत्ती, म्हणजे शेवटी विद्यार्थ्याला काय यावं ती वाक्यं, लिहायच्या तर त्यांना पातळी जोडा: पहिल्या वर्षाअखेर ए-१ पक्की, तिसऱ्या वर्षाअखेर ए-२, लीव्हिंग सर्टला बी-१, वरच्या श्रेणीसाठी बी-२ कडे झुकणारी. मेनूथ विद्यापीठ आयरिशसाठी युरोपीय चौकटीवर आधारलेल्या परीक्षा कित्येक वर्षं घेत आहे. पातळ्यांची वर्णनं, नमुने, श्रवणाच्या फिती, सगळं तयार आहे. शालेय अभ्यासक्रमानं ते चाक पुन्हा घडवत बसू नये.

दोन वाटा: टी-१ आणि टी-२

२०१७ पासून ज्युनियर सायकलमध्ये दोन अभ्यासक्रम आहेत. आयरिश माध्यमाच्या आणि गेल्टख्तमधल्या, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यातल्या, शाळांसाठी टी-१. इंग्रजी माध्यमासाठी टी-२. हेतू योग्यच होता. घरात आयरिश बोलणाऱ्या कॉनमारातल्या मुलीला तिचीच भाषा परकी म्हणून शिकवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि लीव्हिंग सर्टमध्ये तो अजूनही चालू आहे, कारण तिथे सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम परिषदेनं लीव्हिंग सर्टसाठीही दोन मसुदे जाहीर केले आणि त्यावर भरपूर टीका झाली.

टीकेचं मूळ गुणांच्या हिशेबात होतं. विद्यापीठ प्रवेशासाठी वरच्या स्तरावर ९० टक्क्यांपासून पुढची श्रेणी मिळाली की १०० प्रवेशगुण मिळतात. टी-१ अवघड आणि टी-२ सोपा, पण दोन्हीला प्रवेशगुण तेच. मग निवड मुलाच्या हाती दिली तर शहाणा मुलगा सोपा पेपर घेणार. सक्ती केली तर पालक पुढच्या वर्षी मुलाला आयरिश माध्यमाच्या शाळेतच घालणार नाहीत. दोन्ही बाजूंनी टी-१ रिकामा होतो. यावर बक्षीस हाच मार्ग आहे आणि त्याचा नमुना देशात आहे: वरच्या स्तराच्या गणिताला एका किमान श्रेणीनंतर २५ जादा प्रवेशगुण मिळतात. इतिहास, भूगोल असे विषय आयरिशमधून लिहिणाऱ्यालाही आजच वाढीव गुण मिळतात. तोच न्याय टी-१ ला लावावा, आणि हा निर्णय अभ्यासक्रमाच्या आधी जाहीर करावा. नंतर देऊ म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एक सावधगिरी. दोन वाटा अगदी तोडून टाकू नयेत. वेल्समध्ये "वेल्श दुसरी भाषा" नावाची वेगळी वाट होती. त्या वाटेनं गेलेली मुलं वर्षानुवर्षं प्राथमिक पातळीवर अडकली, असं २०१३ च्या तिथल्या सरकारी अहवालानं स्पष्ट सांगितलं. आता वेल्सनं एकाच सलग पट्टीची वाट धरली आहे. आयर्लंडनं तोंडी आणि श्रवण परीक्षा दोन्ही वाटांना एकाच पट्टीवर ठेवावी आणि टी-१ ला वाचन-लेखनाचा जास्तीचा भाग जोडावा. मग इंग्रजी माध्यमातला हुशार मुलगाही वर चढू शकतो.

साहित्य

इथे माझं मत पुष्कळांना खटकेल. टी-२ च्या सक्तीच्या अभ्यासक्रमातून नेमलेलं साहित्य जवळजवळ काढून टाकावं. कारण साधं आहे. ज्या मुलाला "काल मी दुकानात गेलो तेव्हा पाऊस पडत होता" हे वाक्य विनासायास जमत नाही, ते कवितेतल्या प्रतिमांवर दीड पान लिहितं, म्हणजे शिक्षकानं दिलेलं दीड पान उतरवतं. त्यातून ना भाषा येते, ना कविता कळते, आणि कवितेबद्दल जन्माची अढी बसते ते वेगळंच. आयरिश कविता यापेक्षा फार मोठी आहे.

साहित्याला स्वतंत्र ऐच्छिक विषयाचा दर्जा द्यावा: साहित्य, संस्कृती, गाणी, भाषेचा इतिहास. कॉनरा ना गेल्गे ही १८९३ पासूनची संस्था आयरिशचे असे दोन विषय करण्याची मागणी बराच काळ करते आहे. ज्याला आवडतं तो तो विषय घेईल आणि मनापासून घेईल. सक्तीच्या विषयात लहान मजकूर राहू द्यावेत: बातमी, छोटी कथा, गाणं, टीजी-४ या आयरिश भाषेच्या वाहिनीवरचा कार्यक्रम, रेडिओवरची मुलाखत. निवड शिक्षक-विद्यार्थ्यांची आणि तपासणी तोंडी परीक्षेच्या तिसऱ्या भागात.

व्याकरण कानातून

व्याकरण कमी करा असं मी म्हणत नाही; शिकवण्याचा क्रम बदला असं म्हणतो. मराठीत नामाचं शेपूट बदलतं: घोडा, घोड्याला. आयरिशमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. "बाद" म्हणजे नाव, होडी. "आ बाद" म्हणजे तिची नाव, "आ वाद" म्हणजे त्याची नाव, "आ माद" म्हणजे त्यांची नाव. मालक कोण ते फक्त पहिल्या ध्वनीतून कळतं, कारण "आ" तिन्हीकडे तोच. हे तक्त्यातून शिकवलं की मूल अक्षरं लक्षात ठेवतं आणि बोलताना विसरतं. तीन चित्रं दाखवून "नाव कुणाची?" असा ऐकण्याचा खेळ पाच मिनिटं रोज, दोन आठवडे केला की कान पक्का होतो. नियम त्यानंतर सांगावा.

दुसरं उदाहरण होकार-नकाराचं. आयरिशमध्ये "हो" आणि "नाही" साठी सुटे शब्द नाहीत. उत्तर क्रियापदानं द्यायचं. आपण "जेवलास का?" ला "जेवलो" म्हणतो तसंच. इंग्रजी मातृभाषेच्या मुलाला हे अनोळखी आहे, आणि ते पहिल्या महिन्यात अंगवळणी पडलं नाही तर प्रत्येक संभाषण दुसऱ्याच वाक्याला अडखळतं. मराठी घरातल्या मुलाला मात्र इथे एक पायरी फुकट मिळते.

बोलींबाबत: मन्स्टर, कॉनॉक्ट आणि अल्स्टर अशा तीन मोठ्या बोली आहेत, "कसा आहेस?" हेसुद्धा तिन्हीकडे वेगळं विचारतात. श्रवण परीक्षेत तिन्ही येतात, ते योग्यच. वर्गात बोलायला एक बोली धरावी आणि ऐकायला तिन्ही. ट्रिनिटी कॉलेजच्या 'अबेर' या संकेतस्थळावर लिहिलेला मजकूर तिन्ही बोलींच्या उच्चारांत ऐकता येतो, फुकट. प्रत्येक धड्याचा मजकूर तिथे टाकून ऐकवणं हे कुठल्याही शिक्षकाला उद्यापासून करता येईल.

सूट, आणि मराठी घरं

आयर्लंडमध्ये आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, म्हणून हा भाग थोडा सविस्तर. २०२२ च्या परिपत्रकानुसार माध्यमिक शाळेत आयरिशपासून सूट मुख्याध्यापक देतात. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालेल्या मुलाला ती मिळू शकते. शिवाय वाचन-लेखनाच्या गंभीर आणि टिकून राहिलेल्या अडचणी असलेल्या मुलांना. तिथे प्रमाणित चाचणीत दहाव्या शतमकात किंवा त्याखाली, म्हणजे शंभरांतल्या सर्वात खालच्या दहांत, असणं आणि शाळेनं आधी पुरेशी मदत केल्याची नोंद असणं ही अट आहे. नकार मिळाला तर अपील करता येतं.

दोन गोष्टी पालकांच्या लक्षात राहत नाहीत. सूट घेणं सक्तीचं नाही. अकरा-बारा वर्षांचं, दोन-तीन भाषा येणारं मूल आयरिश पटकन उचलतं. आणि सूट घेतली तर पुढे काही दारं अरुंद होतात: प्राथमिक शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला आयरिशमध्ये वरच्या स्तरावर किमान ६० टक्क्यांची श्रेणी लागते, आणि राष्ट्रीय विद्यापीठाच्या महाविद्यालयांत एरवी प्रवेशाला आयरिश लागते, तिथल्या सवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीनं आजची सूट सगळं किंवा काहीच नाही अशी आहे. वाचनाची अडचण असलेलं मूल छान बोलू शकतं. सूट मिळालेली कित्येक मुलं फ्रेंच किंवा जर्मन शिकतात, यावरूनच अडचण भाषेची नसून परीक्षेच्या स्वरूपाची आहे हे दिसतं. ज्युनियर सायकलमध्ये १०० तासांच्या छोट्या अभ्यासक्रमांची सोय आहेच. फक्त ऐकण्या-बोलण्याचा असा एक अभ्यासक्रम आयरिशसाठी करावा, लेखी परीक्षेशिवाय, आणि सूट मिळालेल्या मुलांना त्यात येऊ द्यावं. उशिरा आलेल्या स्थलांतरित मुलाला हीच पहिली पायरी होईल.

क्रम आणि वेळ

बदल बरोबर असूनही फसतो तो क्रम चुकल्यानं. २०२२ मध्ये शिक्षणमंत्री नोर्मा फोली यांनी इंग्रजी आणि आयरिशचा पहिला पेपर माध्यमिकच्या पाचव्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे वर्षभर आधी, घेण्याचं जाहीर केलं. मुलांवरचा ताण वाटला जावा हा हेतू. भाषेच्या बाबतीत तो उलटा लागू पडतो: शेवटच्या वर्षातच वाक्यं जुळू लागतात, आणि त्या वाढीच्या आधीच निबंधाचे गुण गोठले असते. विरोध झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला निर्णय पुढे ढकलला गेला. शिक्षकांशी आधी बोलणं झालं असतं तर एक वर्षाचा गोंधळ टळला असता.

माझा क्रम असा राहील. पहिलं वर्ष: प्रवेशगुणांचा निर्णय, पातळ्यांची पट्टी आणि तीन पूर्ण नमुना परीक्षा ध्वनिफितींसह जाहीर. अभ्यासक्रमाचा मसुदा त्यांच्यासोबत, आधी नाही. दुसरं वर्ष: तीस-चाळीस शाळांत चाचणी, त्यात गेल्टख्त, आयरिश माध्यम, शहरातल्या मागास वस्तीतली शाळा आणि मुलींची-मुलांची वेगळी शाळा, सगळे प्रकार. त्याच वर्षी शिक्षकांचं प्रशिक्षण. तिसऱ्या वर्षी ज्युनियर सायकलच्या पहिल्या वर्गात आणि लीव्हिंग सर्टच्या पहिल्या वर्षात, म्हणजे माध्यमिकच्या पाचव्या वर्षात, एकदम सुरुवात, म्हणजे नवी लीव्हिंग सर्ट परीक्षा चौथ्या वर्षाअखेर. खालची परीक्षा जुनी आणि वरची नवी अशी स्थिती एका वर्षाहून जास्त राहू देऊ नये. मुलं एका खेळाचे नियम शिकून दुसऱ्याच मैदानात उतरतात.

शिक्षकांचा प्रश्न सगळ्यात कठीण आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. तुटवडा आहे, दुसऱ्या विषयाचे शिक्षक आयरिश शिकवताना आढळतात. बोलण्याची परीक्षा आली की ज्याची स्वतःची बोली कच्ची आहे तो घाबरतो आणि पुन्हा नमुना-उत्तरांकडे वळतो. दर पाच वर्षांनी दोन आठवडे पगारी गेल्टख्त-निवास हा अभ्यासक्रमाच्या अर्थसंकल्पातच धरला पाहिजे, शिक्षकाच्या सुट्टीतून आणि खिशातून नव्हे.

ज्यांना या सगळ्याची वाट न बघता आजच्या चौकटीतच वर्ग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. चित्रमालिका शिकवताना गोष्ट लिहून देऊ नका. सहा चित्रं कापून वेगळी करा, पाचवं आणि सहावं काढून घ्या. जोडीतल्या एकाला पहिली दोन द्या, दुसऱ्याला तिसरं आणि चौथं. एकमेकांना न दाखवता, फक्त विचारून, त्यांनी गोष्ट जुळवायची आणि शेवट स्वतः रचायचा. वेळ बारा मिनिटं, फळ्यावर फक्त आठ क्रियापदं. मग खरी शेवटची दोन चित्रं दाखवा आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: तुमचा शेवट वेगळा का? पहिल्या आठवड्यात उत्तरं मोडकी येतील. सहाव्या आठवड्यापर्यंत तीच मुलं वाक्याच्या मध्ये स्वतःला दुरुस्त करू लागतात, आणि वीस मालिका तोंडपाठ करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात त्या संपतात.